निरंक

१

महादेवरावांच्या घरात नाव नसलेली वस्तू नव्हती. डाळी-तांदळाच्या डब्यांवर चिठ्ठ्या असतात, त्यात नवल नाही. पण इथं जिन्यातल्या तिन्ही दिव्यांच्या बटणांवर, पाण्याच्या मोटरवर, गच्चीच्या किल्लीवर, इतकंच काय, छत्रीच्या दांड्यावरसुद्धा चिठ्ठी होती. सरकारी कचेरीत अडतीस वर्षं कारकुनी केलेला माणूस. निवृत्त होऊन अठरा वर्षं झाली, तरी बोटं गप्प बसायला तयार नव्हती. करंगळीच्या नखाएवढी कागदाची पट्टी, त्यावर बारीक, गोल अक्षर आणि वरून सेलोटेप.

सून हर्षा त्यांना हसायची, पण चिठ्ठी कधी काढायची नाही. नवरा सुशील रायपूरला नोकरीला, महिन्यातून दोन शनिवार घरी. मुलगी भूमिका कॉलेजात दुसऱ्या वर्षाला, म्हणजे घरात असून नसल्यासारखी. नंदनवन वस्तीतल्या त्या घरात हर्षाची खरी सोबत सासऱ्यांची. लग्न होऊन आली तेव्हा तिला चार माणसांत धड बोलताही येत नव्हतं, आणि तिच्या बाजूनं पहिल्यांदा कोणी बोललं असेल तर ते हेच. ती ते विसरली नव्हती.

यंदा तिची बदली मौद्याच्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत झाली. दोन महिने तिनं बसचे हाल काढले, मग दसऱ्याला सुशीलनं गाडी घेतली. गाडी नवी, पण खालचं मॉडेल. झेंडूचा हार, चाकाखाली लिंबं, स्टेअरिंगला कुंकवाचं बोट, सगळं यथासांग झालं. सुशील परत गेला आणि महादेवरावांनी गाडीसोबत आलेलं पुस्तक दोन दिवस बसून वाचून काढलं.

त्याला कारण होतं. गाडी हर्षाला चालवता येत होती, पण स्टेअरिंगवरच्या आठ बटणांची तिला धास्ती होती. चाक वळवताना अंगठा कुठंतरी लागायचा आणि गाणं ओरडायला लागायचं, नाहीतर प्राचार्यांना फोन लागायचा.

"हे पाय, हर्षा," तिसऱ्या दिवशी महादेवराव तिला गाडीत बसवून म्हणाले. आठांपैकी सात बटणांखाली चिठ्ठ्या चिकटल्या होत्या. डावीकडं 'आवाज अधिक', 'आवाज उणे', 'पुढील', 'मागील'. उजवीकडं फोन उचलायच्या बटणाला 'आवक', फोन ठेवायच्या बटणाला 'निकाली', आणि जे दाबून गाडीला तोंडानं सांगायचं की अमक्याला फोन लाव, त्याला 'तोंडी आदेश'.

हर्षा पोट धरून हसली. "अन् हे आठवं, मामाजी?"

आठव्या बटणावर कसलंही चिन्ह नव्हतं. काळं, गुळगुळीत, कोरं. वरच्या मॉडेलमध्ये तिथं काहीतरी असतं. खालच्या मॉडेलमध्ये भोक दिसू नये म्हणून नुसता प्लास्टिकचा तुकडा बसवतात. पुस्तकात त्याच्याबद्दल एक ओळ नव्हती.

"मग राहू द्या ना कोरंच."

महादेवरावांचा चेहरा एकदम कचेरीतला झाला. "रकाना कोरा सोडू नाही, बाई. काही नसलं तर निरंक लिहावं. कोरा सोडला की तिथं दुसराच कोणी भरून जाते."

नोकरीच्या तिसऱ्या वर्षी त्यांच्या हातून एका यादीत एक रकाना कोरा राहिला होता. दुसऱ्या दिवशी त्यात एक नाव होतं. कोणी लिहिलं, ते शेवटपर्यंत कळलं नाही. त्या नावाच्या माणसाचं पुढं काय झालं, ते महादेवराव सांगत नसत. हर्षानं दोनदा विचारून पाहिलं होतं.

आठव्या बटणावरच चिठ्ठी लागली. 'निरंक'.

२

सकाळी सव्वाआठला दोघं निघायचे. हर्षाचा हात बसेपर्यंत आपण सोबत येणार, असं महादेवरावांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. ती प्रयोगशाळेत जायची, ते कॉलेजच्या वाचनालयात पेपर वाचत बसायचे, आणि दोन वाजता दोघं परत.

बेल्ट ते लावत नसत. "मले बांधून काहून ठेवता? मी काय बैल आहो?" असा त्यांचा सवाल. मग गाडी टिंगटिंग वाजायला लागायची. पुढच्या डाव्या सीटवर माणूस बसलाय आणि त्यानं बेल्ट लावलेला नाही, हे गाडीला कळतं. महादेवराव तिच्याशी भांडायचे. "हो वं माय, बसलो आहो. किती डाव सांगशील?" पार पारडीपर्यंत हे भांडण चालायचं. गल्लीच्या वळणावर गतिरोधक होता. तिथं त्यांचं एकच वाक्य ठरलेलं: "दुसरा गिअर, बाई." हर्षाचा हात तोवर गिअरवर गेलेलाच असायचा, पण ती त्यांच्या वाक्याची वाट पाहायची. महालगावच्या पुढं एका टपरीवर दोन अर्धे चहा. असे हे दिवस चालले होते आणि हर्षाला ते आवडत होते.

नोव्हेंबर लागला तेव्हा तिच्या लक्षात आलं, की 'निरंक' झिजली आहे.

बाकीच्या सात चिठ्ठ्या कालच लावल्यासारख्या. या एकीचा सेलोटेप मधोमध पांढुरका झाला होता, कडा काळ्या पडल्या होत्या, आणि मध्ये एक उथळ खळगा. अंगठ्याएवढा. वर्षानुवर्षं दाबलेल्या डोअरबेलचं बटण होतं तसा. गाडी येऊन चार आठवडे झाले होते, आणि त्या बटणाला हात लावायचं कोणाला काही कारणच नव्हतं.

"तुम्ही लावता का हो बोट?"

"मी काहून लावू? निरंक म्हंजे निरंक."

चाक वळवताना आपलाच तळहात घासत असेल, असं तिनं ठरवलं. तिनं मुद्दाम दोन दिवस पाहिलं. तिचा तळहात तिथं पोचत नव्हता. महादेवरावांनी नवी चिठ्ठी लिहून लावली. ती चार दिवसांत तशीच झाली.

३

त्या सोमवारी महादेवराव सीटवर बसले, दार ओढलं, आणि गाडी वाजली नाही.

"पाय, थकली शेवटी," ते खूश होऊन म्हणाले.

हर्षाही हसली. मग सवयीनं तिनं डब्याची पिशवी त्यांच्या मांडीवर दिली आणि गाडी वाजायला लागली. तिनं पिशवी उचलली. गप्प. परत ठेवली. टिंग, टिंग, टिंग.

वजनाचा खेळ असेल. म्हाताऱ्याचं वजन शेहेचाळीस किलो, ते थोडं उतरलं असेल, आणि पिशवीचे दोन किलो मिळून काटा पुरत असेल. हिशोब चोख होता. कॉलेजात पोचल्यावर महादेवराव उतरले आणि तिनं नुसती पिशवी रिकाम्या सीटवर ठेवली.

टिंग, टिंग, टिंग.

पिशवी मोजली जात होती आणि माणूस नाही. हर्षा तिथंच पाच मिनिटं बसून राहिली. ज्या गोष्टीला अर्थ नाही, तिला अर्थ लावत बसू नये, असं स्वतःला बजावून मग ती उतरली.

परतताना तिनं गाडी पारडीला अंकुशच्या गॅरेजवर घेतली. अंकुश तिच्या ओळखीचा, कामाला सरळ. त्यानं प्लास्टिकच्या पट्टीनं आठवं बटण उचकटून तिच्या तळहातावर ठेवलं. "यामागं काहीच नाही, ताई. वायर नाही, स्प्रिंग नाही. दाबलंच जात नाही ते." मागं नुसती पोकळी होती. मग बटण परत बसवून तो स्वतः डाव्या सीटवर जाऊन बसला. गाडी लगेच वाजली.

"सीट तर बराबर आहे. असं करा ताई, ते जे बसतात म्हणता ना, त्यायलेच एखाद्या दिवशी सोबत घेऊन या. बसवून पाहू."

महादेवराव त्याच्यापासून दोन हातांवर उभे होते. हातात चष्म्याचं घर घेऊन, त्याच्याकडेच पाहत.

"अंकुश," हर्षा म्हणाली, "हे काय उभे आहेत."

अंकुशनं वळून पाहिलं. त्याला क्षणभर वेळ लागला. गर्दीत हरवलेलं माणूस शोधायला लागतो, तेवढाच. "अरे! माफ करा काकाजी, ध्यानच नाही राहिलं," असं म्हणून तो हसला.

महादेवराव हसले नाहीत.

४

टपरीवाल्यानं एकच चहा आणला. हर्षानं दुसरा मागितला. दुसऱ्या दिवशी पुन्हा एकच. "अहो, रोज दोन असतात ना आमचे?" ती चिडून म्हणाली. तो गोंधळला, डोकं खाजवत म्हणाला, "रोज? हो का, मॅडम?" आणि दुसरा कप घेऊन आला. तो त्यानं हर्षासमोरच ठेवला.

हे सगळं समजून घेता येत होतं. म्हातारी माणसं दिसेनाशी होतातच. लग्नाच्या मांडवात, दवाखान्यात, रस्त्यावर. लोक त्यांच्या डोक्यावरून बोलतात. हर्षानं आयुष्यभर ते पाहिलं होतं. त्यात गाडीचा काय संबंध?

पण बुधवारी संध्याकाळी भूमिकानं ताटं वाढली. दोन.

"आबाजी जेवणार नाहीत का?" हर्षानं विचारलं.

भूमिका मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाली, "कोण?"

महादेवराव पाटावर येऊन बसलेले होते. या पोरीला त्यांनी मांडीवर घेऊन बाराखडी शिकवली होती. तिच्या दप्तरावर, पेन्सिलीवर, दुधाच्या बाटलीवर त्यांच्या हातच्या चिठ्ठ्या असायच्या.

भूमिकानं मान वर केली, आईचा चेहरा पाहिला, मग आजोबांकडं पाहिलं आणि जीभ चावली. "आबाजी! सॉरी ना यार. माझं डोकं कुठं होतं?" तिनं धावत तिसरं ताट आणलं, त्यांच्या गळ्यात हात टाकले. ती खरंच ओशाळली होती.

महादेवराव जेवले. भात थोडा टाकला. हात धुताना नळाच्या आवाजात ते हर्षाला हळूच म्हणाले, "पोरीले बोलू नको. तिची चूक नाही वं."

हर्षानं नळ बंद केला. तिनं दुसऱ्या दिवशीची सुट्टी टाकली. नोव्हेंबर होता, निवृत्तांनी बँकेत जाऊन हयातीचा दाखला द्यायचा महिना. हे काम लवकर उरकून टाकू, असं ती म्हणाली. एवढ्या घाईनं ते का उरकायचं, हे दोघांनीही बोलून दाखवलं नाही.

५

बँकेत सकाळी गर्दी नव्हती. खिडकीशी बसलेल्या मुलीच्या टेबलावर 'कामिनी' अशी पाटी होती. आवाज गोड, वागणं अदबीचं. "बसा काकाजी. अंगठा ठेवा यावर."

महादेवरावांनी त्या छोट्या यंत्राच्या काचेवर अंगठा ठेवला. लाल दिवा लागला.

"पुन्हा एकदा. जरा दाबून."

लाल. तिनं त्यांना अंगठा पुसायला सांगितला, ओला करायला सांगितला, डावा ठेवायला सांगितला. लालच. "होते असं," ती हर्षाला म्हणाली. "म्हातारपणी रेषा झिजतात. आपण थोडं थांबून पाहू." तेवढ्यात तिचा फोन वाजला. ती पाठ वळवून मिनिटभर बोलली आणि परत फिरली.

"हं, बोला मॅडम. काय काम होतं?"

"हयातीचा दाखला," हर्षा म्हणाली.

"कोणाचा? पेन्शनर कुठं आहेत? त्यांना स्वतःला यावं लागते."

महादेवराव तिच्या समोरच्या खुर्चीत होते. अंगठा अजून काचेवर होता.

"मी आहो ना, बाई," ते म्हणाले. "हा काय मी."

कामिनी हर्षाच्या उत्तराची वाट पाहत होती. तिच्या नजरेत कुठंही खोट नव्हती, आणि म्हणूनच हर्षाला ते सोसवेना. तिनं सासऱ्यांचा दंड धरला आणि त्यांना उठवून बाहेर आणलं.

गाडीत बसल्यावर महादेवरावांनी स्वतःचा अंगठा डोळ्यांजवळ धरला. तिनंही पाहिला. रेषा झिजल्या नव्हत्या. रेषाच नव्हत्या. सोललेल्या उकडलेल्या अंड्यासारखी गुळगुळीत, कोरी कातडी.

"हर्षा," ते म्हणाले, "मले भेव वाटून राहिलं."

वीस वर्षांत तिनं हे शब्द त्यांच्या तोंडून ऐकले नव्हते. तिची नजर स्टेअरिंगवर गेली. 'निरंक'वरचा खळगा आता पार कागदापर्यंत पोचला होता आणि त्याच्या तळाशी काहीतरी ओलसर चमकत होतं, नुकताच कोणीतरी अंगठा उचलल्यासारखं. तिनं नख घातलं. सेलोटेप सुटेना. तिनं दातओठ खाऊन ओढलं तेव्हा चिठ्ठी अख्खी निघून आली. तिच्यानं ती फेकवली मात्र नाही. त्यांच्या हातची चिठ्ठी टाकायची सवयच नव्हती. तिनं ती पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवली.

टिंग, टिंग, टिंग.

महादेवरावांनी दचकून सीटकडं पाहिलं, मग हसायला लागले, मग त्यांचे डोळे भरून आले. "हो वं माय," ते गाडीला म्हणाले. "बसलो आहो. बसलो आहो."

ते परत आत गेले. अंगठा ठेवताच पहिल्याच खेपेला हिरवा दिवा लागला. "काकाजी, मघाशीच सोबत यायचं ना," कामिनी म्हणाली. "मॅडम उगाच एकट्या येऊन गेल्या."

६

पुढचे दोन दिवस टपरीवर न सांगता दोन चहा आले. भूमिकानं ऑनलाइन मागवून आजोबांना मफलर घेतला. हर्षानं देवापुढं दिवा लावला आणि ज्याला अर्थ नाही त्याला अर्थ लावायचा नाही, हे पुन्हा एकदा ठरवलं.

महादेवरावांना मात्र चैन नव्हतं. गाडीत त्यांची नजर उजवीकडंच असायची. "रकाना कोरा आहे," ते म्हणायचे.

"मी भरते," असं म्हणून हर्षानं स्वतः एक चिठ्ठी लिहिली, 'हॉर्न', आणि लावली. सकाळी चिठ्ठी जागेवर होती, सेलोटेप जागेवर होता, कागद कोरा होता. पेन हलकं असेल. तिनं प्रयोगशाळेतल्या बाटल्यांवर नावं टाकायचा पक्क्या शाईचा पेन आणला आणि ठसठशीत 'श्री' लिहिलं. सकाळी कागद कोरा.

"जे नाही ते आहे म्हणून लिहिता येत नाही," महादेवराव म्हणाले. "खोटी नोंद टिकत नसते."

तिनं रायपूरला फोन लावला. शनिवारी या आणि ही गाडी विकून टाका, म्हणाली. सुशील हसला, मग तिचा आवाज ऐकून हसायचा थांबला. "येतो. शनिवारी पाहू. तोवर चालवू नको, बस आहे ना?"

गुरुवारी तिनं गाडीतलं सामान काढायला दार उघडलं, तेव्हा त्या काळ्या बटणावर एक ओरखडा होता. नखानं काढल्यासारखी एक उभी रेघ आणि तिला चिकटून एक वळण. तिनं रुमालानं पुसलं. ते वर नव्हतंच, आत होतं.

शुक्रवारी सकाळी बस चुकली म्हणून ती नाइलाजानं चाकामागं बसली, किल्ली लावली आणि पाहिलं, तर ते अक्षर झालं होतं. 'भू'.

अक्षर सुंदर होतं. जुन्या वळणाचं, सावकाश काढलेलं, आणि महादेवरावांचं नव्हतं. पुढच्या अक्षराची पहिली रेघ सुरू झाली होती.

हर्षा ते पाहत बसलेली असतानाच पलीकडचं दार उघडलं आणि भूमिका धपकन सीटवर बसली. "आई, आज मले सुट्टी आहे. मी येते. मौद्याच्या रिकाम्या रोडवर शिकव ना मले गाडी, प्लीज!"

किल्ली लावलेली होती. बेल्ट भूमिकानं लावला नव्हता.

गाडी वाजली नाही.

समोरच्या घरातली काजल स्कूटर काढत होती. भूमिकाची बालवाडीपासूनची मैत्रीण. काचेतून डोकावून ती म्हणाली, "निघाल्या का काकू? एकट्याच? भूमिका उठली नाही वाटते अजून. तिले म्हणा, मी फोन करते."

"अबे नौटंकी!" भूमिका हसत ओरडली.

काजलनं हर्षाकडं पाहून मान हलवली, स्कूटर सुरू केली आणि गेली.

"ही पाय ना कशी करून राहिली," भूमिका म्हणाली. ती अजून हसत होती. पण हसताना तिनं नकळत स्वतःचा अंगठा चोळला.

७

महादेवराव फाटकात उभे होते. त्यांनी सगळं पाहिलं होतं. ते आले आणि त्यांनी डावं दार उघडलं.

"भूमिका, उतर. वर जा अन् माझा चष्मा घेऊन ये."

"आबाजी, आत्ताच बसली ना मी!"

"जा म्हणतो ना."

असा आवाज त्यांनी तिच्यावर कधी काढला नव्हता. ती उतरली आणि जिना चढत गेली. महादेवराव सीटवर बसले, दार ओढून घेतलं. टिंग, टिंग, टिंग.

"चिठ्ठी कुठं आहे?"

"टाकली," हर्षा म्हणाली.

"तू नाही टाकत."

हर्षा रडायला लागली. शनिवारी हे येतील, आपण गाडी विकू, नाहीतर जाळू, ती बोलत राहिली. महादेवरावांनी ऐकून घेतलं. मग बोटानं दाखवलं. 'भू'च्या पुढची रेघ वळली होती. ते दोघं पाहत असतानाच ती खालच्या बाजूला गोल होऊ लागली, सावकाश, काहीच घाई नसल्यासारखी. आणि रेघेच्या टोकाशी प्लास्टिक किंचित दबलेलं होतं. त्यावर काहीतरी टेकलेलं होतं. हर्षानं अर्धा क्षण ते पाहिलं आणि डोळे मिटले. पुढं आयुष्यात तिनं कोणाला ते सांगितलं नाही, कारण सांगायचं तर आधी ते आठवावं लागलं असतं.

"शनिवार लांब आहे, बाई," महादेवराव म्हणाले. "माझ्या हातची चिठ्ठी लागली का रकाना माझ्या नावावर जाते, पोरीच्या नाही. माझं वय काय, पोरीचं काय. काढ."

तिनं पर्स उघडली. चिठ्ठी कप्प्यात होती. तिनं ती त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती उलटून पाहिली आणि परत तिच्या बोटांत दिली.

"तूच लाव. आपली नोंद आपल्या हातानं करता येत नाही."

"मामाजी, नका हो."

"अन् दोन चहा नको सांगत जाऊ रोज. लोकं हसतील." ते हसायला गेले, पण जमलं नाही. "हर्षा, लाव वं लवकर. मले अजून भेव वाटून राहिलं."

वर जिन्यात भूमिकाच्या चपला वाजल्या.

हर्षानं चिठ्ठी त्या अक्षरावर ठेवली आणि अंगठ्यानं दाबली. ज्या बटणाला वायर नव्हती, स्प्रिंग नव्हती, ते तिच्या अंगठ्याखाली आत गेलं. टिक.

टिंगटिंग मध्येच थांबली.

तिनं दोन्ही हात चाकावर ठेवले आणि समोर पाहत राहिली. फाटक, काजलच्या घराची भिंत, तारेवर वाळत घातलेला एक टॉवेल. डावीकडून कसलाही आवाज नव्हता.

भूमिका खाली आली. हातातली वस्तू उलटसुलट करून पाहत होती. "आई, मी वर काहून गेली होती वं? अन् हा चष्मा कोणाचा?"

"दे इकडं."

"माझ्या रूमपर्यंत गेली अन् विसरलीच." तिनं काचेतून चष्मा दिला आणि गाडीला वळसा घालून डाव्या दाराला हात घातला.

"मागं बस," हर्षा म्हणाली.

"मागं? पुढं तर कोणीच नाही."

"मागं बस म्हणते ना!"

आईचा आवाज ऐकून पोरगी मागं जाऊन बसली. हर्षानं डब्याची पिशवी उचलली, डावीकडं ठेवायला नेली, आणि हात अर्ध्यातून परत घेऊन पिशवी स्वतःच्या पायाशी ठेवली. मग तिनं मान न वळवता चष्मा डावीकडं पुढं केला. हात तसाच धरून ठेवला. बराच वेळ काही झालं नाही. मग बोटांतलं ते हलकंसं वजन कोणीतरी, जपून, काढून घेतलं.

"आई, काय करून राहिली तू?"

"काही नाही."

तिनं गाडी सुरू केली. गल्लीच्या वळणावर गतिरोधकाशी तिनं गाडी जेमतेम सरकत ठेवली, सवयीनं, त्या एका वाक्याची वाट पाहत. मागून कोणीतरी हॉर्न दिला. तिनं दुसरा गिअर टाकला आणि निघाली. डावीकडं तिनं पाहिलं नाही. पाहिलं असतं तर कळलं असतं, आणि कळून घ्यायची तिची छाती नव्हती.